केरीची भैरवी, ताऱ्यांच्या वाटेवर

५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-१ हे यान २५ ऑगस्ट २०१२ रोजी सौरवाऱ्याची हद्द ओलांडून आंतरतारकीय अवकाशात शिरले. सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याच्याही पुढे फार दूरवर पोचते, तेव्हा यानाने सूर्यमाला सोडली हे अर्धेच खरे. पण तिथवर मानवनिर्मित वस्तू त्याआधी गेलेली नव्हती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हे यान अर्थहीन आकडे पाठवू लागले. संगणकाच्या मेमरीतली एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी तिच्यातल्या प्रोग्रामचे तुकडे करून ते मेमरीत इतरत्र बसवले. आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच! एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले. २४ अब्ज किलोमीटरवरच्या जुन्या यंत्राची ही दुरुस्ती थक्क करते.

पृथ्वीवरचे आवाज नोंदवलेल्या यानावरच्या सोनेरी तबकडीत गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि मराठीतला नमस्कारही. उड्डाणानंतर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या.

यानाला प्लुटोनियमपासून मिळणारी वीज दरवर्षी सुमारे चार वॅटने घटते आहे, एकेक उपकरण बंद करावे लागते आहे. विजेची ही काटकसर अटळ आहे; पण चालू उपकरणांसाठीच्या पैशाला कोणत्याही काटकसरीत कात्री लागता कामा नये.