अंगठा आपला, किल्ली कुणाच्या घरी?

पासवर्ड डायरीत लिहून ठेवणारे आणि सगळीकडे एकच पासवर्ड चालवणारे, या दोन गटांत जवळपास सगळे येतात. त्यामुळे गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये वैयक्तिक खात्यांसाठी पासवर्डऐवजी 'पासकी' हाच पहिला पर्याय केला आणि मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टची नवी खाती पासवर्डविनाच उघडू लागली, तेव्हा अनेकांना हायसे वाटले असणार.

पासकी बनवताना फोन दोन किल्ल्यांची जोडी घडवतो. एक संकेतस्थळाकडे जाते. ती चोरीला गेली तरी तिने काही उघडत नाही. दुसरी, गुप्त किल्ली आपल्याकडेच राहते. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ दरवेळी नवा आकडा पाठवते, फोन त्यावर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती जुळली की दार उघडते. बोट टेकवायचे ते फोनने सही करावी म्हणून. ठसा फोनबाहेर जात नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावण्याशी याची गल्लत नको. शिवाय अंगठा उमटला नाही तरी फोनचा पिन चालतो.

खरा फायदा पुढेच आहे. पासकी संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल आपल्याला फसवेल, फोनला नाही. तो तिथे सही करणारच नाही. ओटीपी आपण भामट्याला वाचून दाखवतो, पासकी वाचून दाखवताच येत नाही.

मग अडते कुठे? बहुतेकांच्या पासकी ॲपल किंवा गूगलच्या खात्यात साठतात. फोन हरवला तरी त्या परत मिळतात. ते खातेच गोठले तर मात्र दाद मागायला जवळपास खिडकी नाही. आपल्याकडे एक फोन चौघे वापरतात, त्याचा पिन नातवालाही पाठ असतो. आता तोच पिन सगळी कुलपे उघडतो. आणि 'लॉगिन होत नाही' म्हटल्यावर संकेतस्थळ पुन्हा एसएमएसच पाठवणार असेल, तर चोर त्याच मागच्या दाराने येईल. ते दार कायमचे बंद केले, तर खरा मालक बाहेर राहील.

तरीही आमचा कौल पासकीच्या बाजूने आहे. बँकांनी मात्र फोन गमावलेल्या ग्राहकासाठी शाखेत ओळख पटवून खाते परत देण्याची सोय ठेवलीच पाहिजे. वाचकांनी पहिली पासकी ईमेलसाठी बनवावी, दुसरी वेगळ्या उपकरणावर ठेवावी आणि त्याआधी नातवाला पाठ असलेला पिन बदलावा.