जहाजाची साखळी आणि आपल्या गाठी

कापडाचा व्यापारी गाठी बंदरावर पोचवतो, बिल ऑफ लेडिंग हाती घेतो आणि मोकळा होतो. पुढे जहाज कशाच्या भरवशावर उभे राहते याची चौकशी आपल्यापैकी कोणी करीत नाही. करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंगर टाकला की काम झाले, असा आपला समज. खरा भार साखळीवर असतो. तिचा एक तुकडा, ज्याला खलाशी शॅकल म्हणतात, २७.५ मीटरचा. डेकवर ही साखळी विंडलासच्या चाकावरून येऊन हॉजपाइपातून समुद्रात उतरते. या दोहोंच्या मध्ये डेकला पक्का जखडलेला लोखंडी अडसर असतो, तो चेन स्टॉपर. त्याचा दांडा कडीवर पाडला की ओढ डेक सोसतो, ब्रेकवर येत नाही. वर्गीकरण संस्थांच्या नियमानुसार स्टॉपर असलेल्या जहाजाच्या ब्रेकने साखळीच्या तुटण्याच्या ताकदीच्या ४५ टक्के ओढ धरली तरी चालते. स्टॉपर नसेल तर ८० टक्के धरावी लागते. म्हणजे स्टॉपर असून तो न लावणे हे अर्ध्या ताकदीच्या ब्रेकवर अख्खे जहाज सोपवणे झाले. कडी असताना नुसते दार लोटून घरी जाणाऱ्या मुनिमाला आपण दुसऱ्या दिवशी ठेवू काय?

तरीही हे सामान आडोशाच्या जागी थोडा वेळ थांबण्यापुरतेच बनवलेले असते, तुफानासाठी नव्हे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलजवळ ८ जून २००७ रोजी पाशा बल्कर हे कोळशासाठी थांबलेले रिकामे जहाज लंगर घसरू लागल्यावर निघाले, तोवर उशीर झाला होता. ते किनाऱ्यावर चढले आणि २ जुलैला सुटले.

आता आपल्या खिशाची गोष्ट. साखळीचे शेवटचे टोक कोठीत असे बांधतात की संकटात ते बाहेरून सोडता यावे. जहाज आणि माल दोन्ही वाचवण्यासाठी कप्तानाने साखळी जाणूनबुजून सोडली, तर ते नुकसान जनरल अ‍ॅव्हरेजमध्ये धरतात आणि जहाजवाला व सर्व मालवाले यांच्यात किमतीच्या प्रमाणात वाटतात. नुसत्या ताणाने साखळी तुटली तर तो तोटा जहाजमालकाचा. तुमच्या गाठीला पाण्याचा थेंब लागलेला नसला तरी हिश्शाचा जामीन दिल्याशिवाय माल सुटत नाही. मरीन पॉलिसी असेल तर हा जामीन विमा कंपनी देते. चार पैसे वाचवायला पॉलिसी टाळणारे भाऊ तेव्हा धावपळ करतात.

अशी मागणी आली तर घाईने सही करू नये. साखळी का सोडावी लागली, निघताना ब्रेक आणि स्टॉपर दुरुस्त होते काय, हे लेखी विचारावे. जहाज निघण्यापूर्वी मालकाने योग्य ती काळजी घेतली नव्हती असे ठरले, तर हिस्सा नाकारता येतो.