गुरुजींना रेंज लागत नाही

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले. ग्रामीण महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ते निघाले 1 डिसेंबर 2021 रोजी. पहिलीत अक्षरे गिरवणारे पोर थेट तिसरीच्या बाकावर बसले!

मधल्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' होते. दीक्षा ॲप होते, व्हॉट्सॲपवर रोजचा अभ्यास येई. पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे बऱ्यापैकी जमले. तिथून साठेक किलोमीटरवरच्या वेल्ह्यात आणि भोरच्या हिरडस मावळात मात्र सह्याद्रीच्या सोंडा आडव्या आल्या. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, पानशेत, भाटघर, नीरा देवघरच्या पाण्यामागे विखुरलेल्या वाड्या. रेंजसाठी टेकाड चढायचे. त्यात 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि मावळपट्ट्यात विजेचे खांबही आडवे झाले.

फोनचे दुखणे आणखी वेगळे. 'असर'च्या 2021 च्या ग्रामीण पाहणीनुसार देशातल्या 67.6 टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्या 26.1 टक्के मुलांच्या हाती तो पडतच नव्हता. पडणार कसा? घरात एकच फोन, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील शिरवळला कंपनीत. रात्री फोन घरी येई तेव्हा डेटा संपलेला. त्यातून भावाची दहावी असली, तर धाकटीने फोन मागायचाही नाही.

सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका त्यातल्या त्यात बरी, पण तिलाही वीज हवी. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. राज्यात ठिकठिकाणी गुरुजी, बाई वस्तीवर जाऊन ओसरीत, देवळात मुले बसवत होते. रेंज नसलेल्या वाडीत उपयोगी पडले ते हेच.

आणि नंतर सरकारचा डोळा गेला तो याच गुरुजींच्या वस्तीवरच्या छोट्या शाळांवर. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर दाखवली ती वेल्हे तालुक्यातलीच पानशेतची शाळा. मोठ्या शाळेत मैदान, प्रयोगशाळा, संगणक मिळतात, हे मान्य. पण पुन्हा शाळा बंद पडल्या, तर दूरच्या शाळेतला शिक्षक कोणाकोणाच्या वाडीवर जाणार?

भोर-वेल्ह्यातली एखादी छोटी शाळा हलवण्याआधी जिल्हा परिषदेने त्या वाडीतल्या आयांना बोलावून एवढेच विचारावे, की साथीच्या दिवसांत तुमच्या पोरांना कोणी शिकवले?