वैमानिकाच्या तोंडाला कुलूप, मागचं कुंपण उघडं

निफाडमध्ये परवा एका बैठकीत एका सद्गृहस्थांनी ठासून सांगितलं, की वैमानिकाने विमान चालवावं, विमानतळाच्या सुरक्षेबद्दल वर्तमानपत्रांपुढे तोंड उघडू नये. उणिवा छापल्या की शत्रूला आयती माहिती मिळते, प्रवासी घाबरतात, तक्रारीसाठी खात्यात सोय आहेच, आणि बोलणाऱ्याला खरं तर प्रसिद्धीच हवी असते, असं त्यांचं म्हणणं. माना डोलल्या. मला ते पटलं नाही, आणि ओझरचा विमानतळ आपल्याच तालुक्यात असताना गप्प बसणंही जमणार नाही.

आधी ते ‘गुपित’ बघू. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या एका वैमानिकाने सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर मोबाइलने चित्रण करून दाखवलं, की वैमानिकांची आणि प्रवाशांची कसून तपासणी होते, पण जमिनीवरचे कर्मचारी नुसतं कार्ड फिरवून एका दारातून आत जातात. सरकारी माणसं त्याच्या घरी आली आणि विमानाच्या संरक्षणासाठी त्याला दिलेलं पिस्तूल काढून घेऊन गेली. ते दार ठाऊक कुणाला नव्हतं? तिथे रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला. हजारो लोकांना रोज दिसणारी गोष्ट वर्तमानपत्रात आली की अचानक गुपित कशी होते?

माझ्या द्राक्षबागेचंच सांगतो. माल उतरायच्या दिवसांत फाटकावर राखणदार बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचा. पाटाच्या बाजूला मात्र तारेचं कुंपण वाकून गुडघ्याएवढं झालेलं. छाटणीच्या मजुरांना ते ठाऊक, शेजारच्या पोरांना ठाऊक, मलाच ठाऊक नाही. एका मजुराने चारचौघांत ते बोलून दाखवलं तेव्हा मला राग आला, हे खरं. पण संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर तारेला कापडाच्या चिंध्या अडकलेल्या होत्या. कुणीतरी केव्हापासून तिथून ये-जा करत होतं. वाट त्या मजुराने दाखवली नव्हती, वाट आधीच पडलेली होती.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानात अपहरणकर्ते शस्त्रं घेऊन चढले, ते कुठल्या वैमानिकाची मुलाखत वाचून चढले नव्हते. त्या विमानाचे कॅप्टन देवी शरण यांनी पुढे सगळी हकिगत पुस्तकात लिहिली. त्याने देशाचं काय नुकसान झालं?

सद्गृहस्थांनी ओझरचा दाखलाही दिला. विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला ऑक्टोबर २०२० मध्ये दहशतवादविरोधी पथकाने परदेशी गुप्तहेरांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून अटक केली होती. अहो, पण आरोप चोरून सांगितल्याचा आहे. स्वतःच्या नावानिशी, आपल्याच लोकांसमोर बोलणं हे त्याच्या नेमकं उलट. लढाऊ विमानाचं मी समजू शकतो. २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि २०२४ मध्ये शिरसगावच्या शेतात सुखोई कोसळलं, दोन्ही वेळा वैमानिक वाचले. त्यांनी यंत्रातले बारकावे चव्हाट्यावर मांडावेत असं कुणीच म्हणणार नाही. प्रवासी विमानतळाच्या दाराची गोष्ट वेगळी आहे.

प्रवासी घाबरतात म्हणे. सावध होतात. प्रसिद्धीसाठी नोकरी पणाला लावणारा वैमानिक मी पाहिलेला नाही.

राहिली खात्यातली सोय. हा वाद जुना आहे, धरणाच्या गळतीपासून शाळेच्या छतापर्यंत तेच उत्तर मिळतं: वर कळवलंय. कोळिकोडची धावपट्टी पावसात धोक्याची आहे, असं एका अनुभवी वैमानिकाने २०११ मध्येच लेखी कळवलं होतं. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसात तिथेच विमान घसरून दरीत गेलं. २१ माणसं गेली, त्यांत त्या विमानाचे कॅप्टन, आपले दीपक साठे. चौकशीने वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखवलं, त्यावर तज्ज्ञांनी हवा तेवढा वाद घालावा. पण तो इशारा नऊ वर्षं कागदावर होता, आणि तिथे उतरणाऱ्या सामान्य प्रवाशापर्यंत तो किती पोचला होता?

मग वैमानिकाने करावं काय? आधी लेखी कळवावं, पोच घ्यावी, वाजवी दिवस थांबावं. काहीच हललं नाही तर बोलावं. दाराचा नेमका ठिकाणा आणि वेळ न सांगता, उणीव काय आणि कधी कळवली एवढंच. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना चुका निर्धास्तपणे कळवायची व्यवस्था आहे. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, पण तो अंमलात आणणं रखडलं. तो लागू करा, म्हणजे वैमानिकाला वर्तमानपत्राचं दार ठोठावायची वेळच कमी येईल.

तोवर ओझरला उतरणाऱ्या वैमानिकांना माझी विनंती आहे: कागदाची पोच जपून ठेवा, आणि कुणी ऐकलं नाही तर आम्हाला सांगा. त्या विमानांत निफाडची माणसं बसतात.