हमी सरकारची, मान रयतेची!

दुधनीच्या बाजार समितीत तुरीची पोती टाकणारा शेतकरी हाती पट्टी पडली की ती दोनदा पाहतो. वजन किती धरले, हमाली किती कापली, तोलाई किती लावली, हे बोटांवर मोजतो. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घेतो. दहा रुपये जास्त कापले तर अडत्याच्या गादीपुढे उभा राहून भांडतो. यात गैर काही नाही. घामाचा पैसा असाच राखावा लागतो. पण हाच आमचा जागा माणूस एका बाबतीत गाढ झोपला आहे. त्याच्या नावावर दुसऱ्यांनी कर्ज किती काढले, कशापायी काढले आणि ते कोणाच्या घशात गेले, याची पट्टी तो मागत नाही.

तेव्हा आम्हीच ती वाचून दाखवतो. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने अंदाजपत्रक मांडले. त्यात 2025-26 अखेर राज्यावरील कर्ज 9 लाख 32 हजार कोटी रुपयांवर जाईल, असे सांगितले. राज्यात पावणेतेरा कोटी माणसे धरली तर डोईमागे सत्तर हजारांहून जास्त, आणि पाच माणसांच्या घरावर साडेतीन लाखांहून जास्त! सावकार निदान अंगठा तरी घेत होता. येथे अंगठा नाही, साक्षीदार नाही. मूल पाळण्यात पडले की कर्जदार झाले. कोणी म्हणेल, आम्ही गरीब माणसे, आम्ही कुठे कर भरतो? अरे बाबा, साबण, चप्पल, खत, डिझेल विकत घेतोस ना? त्या प्रत्येक जिनसेत तुझा कर कापला गेलेला आहे. या कर्जाचे व्याज तुझ्याच कनवटीतून जाते.

कर्ज काढणे हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. विहिरीसाठी काढलेले कर्ज पाणी लागले की फिटते. पण विहीर कागदावर खणली, दगडाचे पैसे ठेकेदाराने खाल्ले आणि हप्ता मात्र कुणब्याने भरला, तर त्याला कर्ज म्हणू नये, दरोडा म्हणावे. या दरोड्याची रीत जुनी आहे. तिचे नाव ‘हमी’.

आपल्या दुधनी स्टेशनावरून जो लोहमार्ग जातो, त्याचाच इतिहास पाहा. जी. आय. पी. रेल्वे 1860 साली सोलापूरला आली आणि 1871 साली रायचूरपर्यंत पोचली. पैसा विलायतच्या भागीदारांचा होता, पण त्यावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीची होती. रेल्वेला तेवढी प्राप्ती झाली नाही तर तूट सरकारी वसुलातून भरायची, आणि त्या वसुलात शेतसारा मोठा. मग काटकसर कोण करतो? हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनी 1872 साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. तिचा अर्थ असा की, व्याजाची हमी असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत टाकला काय नि विटाचुन्यात घातला काय, देणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. व्याज खाणारा विलायतेत, खर्च करणारा ऑफिसात आणि भरणारा शेतात! भरणाऱ्याला मात्र हिशोब विचारण्याचा अधिकार नव्हता.

बरे, तो गोऱ्यांचा अंमल होता. तो 1947 साली संपला. पुढे काय झाले? 1976 च्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे 560 अब्ज घनफूट पाणी दिले. मे 2000 नंतर वाटणीचा फेरविचार होणार, तोवर पाणी अडवले पाहिजे, अशी हाक उठली. म्हणून 1996 साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले आणि सरकारच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा केला गेला. हेतू चांगला होता. भीमाकाठच्या आपल्या सोलापूर जिल्ह्याला पाणी कोणाला नको? पण पुन्हा हमी आली आणि मागोमाग तीच बेफिकिरी आली.

राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीवरून असे दिसले की, दहा वर्षांत भिजणारे क्षेत्र अवघे 0.1 टक्का वाढले. पाटबंधाऱ्यांवर मात्र सत्तर हजार कोटी खर्ची पडल्याचा बोभाटा झाला. 2012 मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी फुगवलेली अंदाजपत्रके आणि निकृष्ट कामे यांविषयी सरकारला पत्र लिहिले. सरकारने श्वेतपत्रिका काढून निराळाच आकडा सांगितला. माधवराव चितळे यांची समिती बसली, 2014 साली अहवाल आला. 2019 साली लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने त्या वेळच्या मंत्र्यावर दोष येत नसल्याचे प्रतिज्ञापत्र हायकोर्टात दिले. विदर्भातले गोसीखुर्द धरण 372 कोटींत व्हायचे होते, त्याचा खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला. दोषी कोण, याचा निकाल कोर्ट देईल. आमचा प्रश्न साधा आहे. पैसा गेला, मग पाणी कुठे आहे? उजनीचे पाणी एकरूख योजनेने येईल म्हणून अक्कलकोट तालुक्याने वर्षानुवर्षे आभाळाकडे आणि पुढाऱ्याकडे आळीपाळीने पाहिले, ते कोणामुळे?

आणखी एक कडू गोष्ट सांगतो. आज खुर्चीवर बसलेले पुष्कळजण आमच्याच घरांतले आहेत. ‘आपला माणूस’ म्हणून त्यांना हिशोब माफ करण्याची खोड आम्हाला लागली आहे. जोतीराव फुले यांनी ही खोड कधी लावून घेतली नाही. ते पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळण्याचा ठराव आला. एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारनेच नेमलेला हा सभासद सरकारच्या बड्या लाटसाहेबापुढे झुकला नाही. मग आम्ही आमच्याच मताने निवडलेल्या नगरसेवकाला आणि सरपंचाला का भ्यावे?

हत्यार तर हातात आहेच. माहितीचा अधिकार महाराष्ट्राने देशाच्या आधी केला, आणि साऱ्या देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत कागद मिळाला पाहिजे. कागदच नव्हे, चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क त्यात आहे. 2018 साली सरकारने परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कचेरीतले कागद लोकांना दाखवण्यास सांगितले. आमच्यापैकी कितीजण त्या वेळी नगरपरिषदेत गेले?

‘आम्हाला त्यातले काय कळते?’ असे म्हणू नका. ऑडिटर कागद वाचतो, पण गवंडी भिंत वाचतो. वाळूत सिमेंट किती पडले हे त्याला नखाने खरवडून कळते. लोहाराला सळईची जाडी कळते, सुताराला चौकटीचे लाकूड कळते आणि शेतकऱ्याला बांधाची माती कळते. तुम्हीच खरे ऑडिटर आहात. मात्र एकट्याने जाऊ नका. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनीचे घोटाळे एकट्याने उकरत होते. 13 जानेवारी 2010 रोजी त्यांचा खून झाला. एका माणसाला मारता येते, चावडीवर बसलेल्या गावाला मारता येत नाही. राजस्थानात 1994 साली कोटकिराना गावी मजूर एकत्र बसले आणि कामाचे हजेरीपट भर सभेत मोठ्याने वाचले गेले. खोटी नावे तेथेच उघडी पडली.

आमची मागणी एवढीच. दुधनी शहरात असो की भोवतालच्या खेड्यात, कोणत्याही सरकारी कामाचे बिल देण्यापूर्वी त्याचे मोजमाप पुस्तक, ठेकेदार ज्याला ‘एमबी’ म्हणतात ते, लोकांपुढे वाचले जावे. गावात वर्षाला चार ग्रामसभा कायद्यानेच सांगितल्या आहेत, तेथे वाचा. शहरात बाजाराच्या दिवशी चौकात वाचा. पुस्तकात लिहिलेली लांबी, रुंदी, जाडी लोकांनी टेप धरून मोजावी, आणि जुळली तरच पैसा सुटावा.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुरीच्या पट्टीवर दहा रुपयांसाठी भांडता, ते भांडण सोडू नका. पण डोईवरच्या सत्तर हजारांचेही भांडण मांडा. मान आपली अडकली आहे, तर दोर कोणाच्या हातात आहे हे आपणच पाहिले पाहिजे.