कर्कश म्हणून सोडू नका!

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या पेटीवर पांढरी एक हा सा धरा. मंद्र सप्तकातला नी आणि मध्य सप्तकातले रे, म, ध हे चार शुद्ध स्वर एकदम दाबा. स्वर शुद्ध, तरी कान अस्वस्थ होतो ना? पाश्चात्त्य संगीतात या स्वरमेळाला 'हाफ-डिमिनिश्ड सेव्हन्थ' म्हणतात. नावाला भिऊ नका, पट्ट्या मोजा. लागोपाठच्या स्वरांत ३, ३ आणि ४ अर्धस्वरांची अंतरे आहेत. ध कोमल केलात, तर तिन्ही अंतरे ३ होतात. तो पूर्ण 'डिमिनिश्ड'.

अस्वस्थतेचे एक कारण कंपनसंख्यांत सापडते. सा-प यांचे गुणोत्तर जवळजवळ ३:२. नी-म यांचे मात्र सुमारे १.४१४, म्हणजे √२. साधे गुणोत्तर गोड, हा पाठ्यपुस्तकी नियम येथे पटतो. पण तेवढ्यावर थांबणे मला चूक वाटते. आता लगेच सा-ग-प वाजवा. केवढी विश्रांती! ती आधीच्या अस्वस्थतेमुळेच जाणवते. १८६५ साली म्युनिकमध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या 'ट्रिस्टान उंड इझोल्ड' या संगीतनाटकात वाग्नरने अशाच स्वरमेळाने सुरुवातीला ओढ लावली आणि ती अखेरपर्यंत ताणली.

शिक्षकांनो, ध्वनीच्या धड्याला पेटी वर्गात आणा. मुलांना आधी ऐकू द्या, मग मोजू द्या.