लाडाने नव्हे, पाच रुपयांच्या पाकिटाने

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका शाळेत पालकसभा होती. मुलांची आरोग्य तपासणी झाली होती आणि आठ-दहा मुलांची वजने वयाच्या मानाने फार जास्त निघाली होती. तपासणीला आलेले डॉक्टर बोलायला उभे राहिले. यादी नावानिशी वाचून म्हणाले, "घरात लाड जास्त होतात. आयांना मोबाइलमधून सवड नाही. मुलाच्या हातात पाकीट दिले की झाले." सभेत हशा पिकला. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली एक भाभी बसली होती. तिची अकरा वर्षांची मुलगी त्या यादीत होती. भाभी सकाळी दोन घरची धुणीभांडी करते आणि दुपारपासून रात्रीपर्यंत नगावर परकर शिवते. तिने ओढणी पुढे ओढली आणि खाली बघत राहिली. मी तेव्हा गप्प बसलो, ती माझी चूक. म्हणून आता लिहितो आहे.

लठ्ठ मूल म्हणजे खात्यापित्या घरचे, लाडावलेले मूल ही समजूत जुनी आहे आणि आता ती खोटी ठरली आहे. या मुलीचा दिवस पाहा. शाळा सकाळी सातची, त्यामुळे पोटात चहा आणि बिस्किटे. शाळेच्या फाटकापासून चार पावलांवर दुकान, त्याच्या दारावर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा. दुपारी घरी आली की धाकट्या भावाला सांभाळायचे. संध्याकाळी खाली उतरायचे नाही, कारण मुलगी आता 'मोठी' झाली. खाली उतरली तरी जाणार कुठे? वस्तीत मोकळी जागा म्हणजे रिक्षांचा तळ. पाच रुपयांत अंडे येत नाही, पाकीट येते. ते शिजवावे लागत नाही, नासत नाही, आणि मशीनवरचा ढीग संपेपर्यंत मूल शांत बसते. भाभीचा हिशेब चुकलेला नाही. तिच्यापुढे ठेवलेले भावच तसे आहेत.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालची १.९ टक्के मुले जास्त वजनाची होती. २०१९-२१ मध्ये ती ४.१ टक्के झाली. कुणी म्हणेल, चार टक्क्यांचे काय एवढे? पण त्याच पाहणीत त्याच वयाची ३५ टक्के मुले खुरटलेली होती. म्हणजे कुपोषण गेले आणि लठ्ठपणा आला, असे झालेले नाही. दोन्ही एकाच गल्लीत, कधी एकाच घरात नांदतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे हाडामासाने बारीक आणि चरबीने मात्र तशी कमी नाहीत. अशा मुलाचे वजन पुढे भराभर वाढले की मधुमेह लवकर गाठतो. म्हणजे या मुलीच्या वजनाची गोष्ट तिच्या आईच्या, कदाचित आजीच्या, अर्धपोटी दिवसांपासून सुरू होते. डॉक्टरांच्या भाषणात हे कुठेच नव्हते.

सरकारचे काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. पन्नास मीटर! आमच्याकडे पाच मीटरही सुटलेले नाहीत. मी त्या दुकानदाराला दोष देत नाही, त्याचे घर त्या माळांवर चालते. नियम करून विसरलेल्यांना देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के ठेवले, पण बिस्किटे आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आणली, फरसाण-शेव १२ वरून ५ वर. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या राज्याने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला. अंडे महाग पडते आणि बिस्किटाला सवलत मिळते. चिलीने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. लहान मुलालाही ते दिसतात. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो चांदण्या देण्याचा. बक्षीस द्यावे तशा.

जगात २०३५ पर्यंत लठ्ठपणाचा वार्षिक भुर्दंड चार लाख कोटी डॉलरच्या वर जाईल, असा वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशनचा २०२३ चा अंदाज आहे. या आकड्याने आमच्या गल्लीत कुणाला काही कळत नाही. तिथला हिशेब वेगळा आहे. पस्तिशीत मधुमेह झालेला रिक्षावाला दर महिन्याला गोळ्या, तपासणी आणि बुडालेला रोज असे तिहेरी पैसे भरतो. सरकारी योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर कामी येते, रोजच्या गोळीला नाही. पाकिटाचा नफा कारखान्याकडे जातो आणि बिल मोहल्ल्यात येते. मुलींना आणखी एक बिल असते. वर्गात नाव पडते, ती खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसते, मग दांड्या मारते. आणि घरात अकराव्या वर्षापासून बायका 'रिश्ता' कसा जमेल यावर बोलू लागतात, तिच्या देखत.

आपणही काही कमी नाही. पोटाचे तीन भाग करण्याची हदीस आपण बयानात ऐकतो आणि इफ्तारच्या दस्तरखानावर भज्यांच्या शेजारी दोन लिटरची बाटली ठेवतो. गुबगुबीत मूल दिसले की माशाअल्लाह. मुलगे कुठे ना कुठे क्रिकेट खेळतात, मुली घरात. हे कोणत्या कंपनीने शिकवलेले नाही.

आमच्या जमातीचा शादीखाना सोमवार ते गुरुवार बंद असतो. अंगणाला उंच भिंत आहे, फाटक आहे. संध्याकाळी पाच ते सात तो मुलींना खेळायला द्यावा, असा अर्ज आम्ही चार पालकांनी विश्वस्तांकडे दिला. एकाने विचारले, "लडकियां खेल के क्या करेंगी?" अर्ज अजून तिथेच पडून आहे. पुढच्या पालकसभेला मी मोजपट्टी घेऊन जाणार आहे, फाटकापासून दुकानापर्यंतचे अंतर सगळ्यांसमोर मोजायला. भाभीला म्हटले, तुम्हीही चला. ती म्हणाली, "नको भाईजान, पुन्हा सगळ्यांसमोर वजन वाचतील."